पूर्वीपेक्षा म्हणजे केव्हापेक्षा?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे ऐन उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'पहिले इतकी गर्मी नव्हती राहत.' बर्डीवरचा रिक्षावाला ते म्हणतो, धरमपेठेतल्या वकीलसाहेबांच्या आई म्हणतात, आणि ज्याचा जन्मच मुळी कूलर आल्यानंतरचा आहे असा कॉलेजकुमारही म्हणतो. आता हेच वाक्य दहावीतल्या एखाद्या मुलाला इंग्रजीत करायला सांगा. बहुतेक वेळा उत्तर येईल, 'नाऊ नागपूर इज मोर हॉट दॅन बिफोर.' जरा धीट असेल तर 'मोर हॉटर' म्हणेल.

'मोर हॉटर'वर शिक्षकांची लाल रेघ ठरलेली. पण खरा तोटा त्या रेघेखाली झालेला नाही. मूळ वाक्यात 'नव्हती राहत' असं आहे. त्यात कितीतरी उन्हाळे आहेत, अंगणात बाजा टाकून झोपण्याच्या रात्री आहेत, दारात लावलेल्या वाळ्याच्या ताट्या आणि त्यांवर पाणी मारण्याचं रोजचं काम आहे. इंग्रजीत जाताना तो सगळा काळ एका 'बिफोर'मध्ये कोंबला गेला. बिफोर म्हणजे कालच्या आधी, की आजोबांच्या लहानपणी? काही कळायला मार्ग नाही.

ही चूक मुलाच्या आळसामुळे होत नाही, आपली भाषा त्याला तिकडे नेते. मराठीत तुलना करायची तर विशेषणाला हातही लावावा लागत नाही. 'उंच' शब्द उंचच राहतो. सगळा भार 'पेक्षा' नाहीतर 'हून' उचलतो. संस्कृतातून आलेले 'तर' आणि 'तम' आपल्याकडे आहेत, पण रोजच्या बोलण्यात त्यांना कोणी विचारत नाही. लसावि-मसाविच्या निमित्तानं लघुतम आणि महत्तम गणिताच्या पुस्तकात भेटतात, तेवढंच. शिवाय 'पेक्षा' कशालाही चिकटतं: रामापेक्षा, पुण्यापेक्षा, कालपेक्षा, पूर्वीपेक्षा. माणूस असो की काळ, व्यवस्था एकच. 'पूर्वीपेक्षा गरम' एवढं म्हटलं की आपलं काम झालं.

इंग्रजीत मात्र विशेषणाचं रूप बदलतं. हॉटचं हॉटर होतं, क्राउडेडला मोर लागतं. शब्द लहान असेल तर 'अर', लांब असेल तर 'मोर', हा नियम शाळेत सगळेच घोकतात. मराठी मनात 'अधिक गरम' हे दोन शब्द आधीच जोडीनं उभे असतात, म्हणून 'मोर' तोंडात येतो, आणि मग नियम आठवला की 'अर'ही लागतो. याबद्दल फार लाजायचं कारण नाही. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत अशी दुहेरी तुलना चालत असे, त्याच्या नाटकांतही ती सापडते. पुढे अठराव्या शतकात रॉबर्ट लोथसारख्या व्याकरणकारांनी तिला अशुद्ध ठरवलं. आज परीक्षेत ती चूकच आहे, तेव्हा टाळा. पण ऐकणाऱ्याचा गोंधळ 'मोर हॉटर'मुळे होत नाही, तो 'दॅन'च्या पुढे होतो. या प्रकरणाचा जास्त भाग त्यासाठीच आहे.

दोन काळांची तुलना करताना इंग्रजीला 'दॅन'नंतर बहुधा एक लहानसं पूर्ण वाक्य लागतं, आणि त्या वाक्याचा काळ क्रियापद सांगतं. 'नागपूर इज हॉटर दॅन इट वॉज.' इकडे 'इज', तिकडे 'वॉज'. एकच नागपूर, पण दोन क्रियापदांत दोन काळ. मराठीत काळ 'पूर्वी' या शब्दात बसलेला असतो, त्यामुळे दुसरं क्रियापद आपण सहज गाळतो. 'नागपूर पूर्वी होतं त्यापेक्षा आता गरम आहे' असं व्याकरणात बसतं, पण तसं बोलणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. इंग्रजीत नेमकी तीच लांबण सरळ आणि सहज वाटते. 'दॅन बिफोर' म्हणणं चूक नाही, इंग्रजही म्हणतात. मात्र 'वॉज' आला की मागोमाग साल यायला जागा होते: 'दॅन इट वॉज इन 1980'. 'बिफोर'पाशी ती जागा नसते.

आता 'नव्हती राहत'कडे येऊ. प्रमाण मराठीत 'असायची', 'करायचो', 'यायचे' अशी रूपं आहेत. एके काळी नेहमी होत असलेली गोष्ट त्यांतून कळते. नागपुरी बोलीत त्यांच्या जोडीला 'राहायचं' आहे. 'इथं पहिले खूप झाडं राहायची' म्हणजे 'देअर यूज्ड टू बी अ लॉट ऑफ ट्रीज हिअर'. पुण्याच्या पाहुण्याला हे 'राहायची' ऐकून झाडं भाड्यानं राहत होती की काय असं वाटतं, पण इंग्रजीच्या 'यूज्ड टू बी'ला इतका चपखल जोडीदार प्रमाण मराठीतही नाही. नागपूरच्या मुलांनी आपली बोली इंग्रजीच्या वर्गाबाहेर ठेवायचं काही कारण नाही. 'राहायचं' आलं की 'यूज्ड टू' लिहायचं, दहापैकी नऊ वेळा बरोबर येतं. (लिहायचं 'यूज्ड टू', उच्चार मात्र 'यूस्टू'च्या जवळचा.)

उरलेली दहावी वेळ कोणती, तेही सांगतो. 'यूज्ड टू' सवयीला आणि दीर्घ स्थितीला चालतं, एकदाच घडलेल्या घटनेला चालत नाही. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, 1950 नंतर मध्य प्रदेशाची. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. इथं 'नागपूर यूज्ड टू बी अ कॅपिटल' हे ठीक, कारण ती बरीच वर्षं टिकलेली स्थिती आहे. पण 'द कॅपिटल यूज्ड टू मूव्ह टू भोपाळ' म्हटलंत तर राजधानी दर हिवाळ्यात सामान बांधून भोपाळला जायची असा अर्थ होईल. त्या घटनेला साधं 'मूव्ह्ड' हवं. दर हिवाळ्यात सामान बांधून येण्याचा प्रकार नागपुरात खरोखर आहे, तो महाराष्ट्र विधिमंडळाच्या अधिवेशनाचा. पण तो अजून चालू असल्यामुळे त्यालाही 'यूज्ड टू' लागत नाही.

आणखी एक फसवी जोडी आहे. 'नागपूर यूज्ड टू बी कूलर' म्हणजे नागपूर पूर्वी थंड असायचं. 'नागपूरकर्स आर यूज्ड टू द हीट' म्हणजे नागपूरकरांना उन्हाची सवय आहे. शब्द तेच, पण मध्ये 'आर' आला की गोष्ट आजची होते. दोन्ही वाक्यं नागपूरबद्दल खरी आहेत, म्हणून ती एकाखाली एक लिहून ठेवा. फरक पाठ करावा लागणार नाही.

होऊन गेलेल्या बदलाबद्दल इतकं पुरे. चालू असलेल्या बदलासाठी मराठीत फार सुंदर सोय आहे: 'दिवसेंदिवस गरम होत चाललंय.' नागपुरात 'गरम होऊन राहिलं' असंही म्हणतात, पण दोन्हींत फरक आहे. 'होऊन राहिलं' म्हणजे आत्ता या घटकेला होत आहे, 'होत चाललंय' म्हणजे ते एका दिशेनं जात आहे. पहिल्याला 'इट इज गेटिंग हॉट' पुरतं. दुसऱ्याला इंग्रजी तेच विशेषण दोनदा उच्चारते: 'इट इज गेटिंग हॉटर अँड हॉटर.' 'डे बाय डे' जोडायची आपल्याला फार हौस असते. उन्हाळ्याबद्दल बोलताना ते चालेल, पण तीस वर्षांत झालेल्या बदलाला 'डे बाय डे' म्हणणं जरा उतावीळपणाचं आहे. तिथं 'इयर आफ्टर इयर' बरं. आणि 'जसजसे रस्ते रुंद झाले तसतशी झाडं कमी झाली' याला 'द वायडर द रोड्स गॉट, द फ्यूअर ट्रीज देअर वेअर'. इथं 'लेस ट्रीज' नको, झाडं मोजता येतात. सावलीला मात्र 'लेस शेड' म्हणायचं, सावली कोण मोजणार?

मोजण्याचा विषय निघाला आहे तर उन्हाचा आकडाच बघू. हवामान खात्याच्या नोंदीत नागपूरचा उच्चांक 47.9 अंश सेल्सिअसचा आहे, 23 मे 2013 या दिवसाचा. हे इंग्रजीत सांगताना तमभाव लागतो, आणि त्याच्या मागे एक विशिष्ट क्रियापद येतं: 'इट वॉज द हॉटेस्ट डे द सिटी हॅज एव्हर रेकॉर्डेड.' यातलं 'हॅज एव्हर' महत्त्वाचं. नोंदी ठेवायला लागल्यापासून या क्षणापर्यंतचा सगळा काळ त्यात येतो. मराठीत 'आजवरचा' म्हटलं की तेच होतं. मुलं इथं 'हॅज'च्या जागी 'हॅड' घालतात आणि आजचा दिवस हिशेबातून बाहेर पडतो.

मग 30 मे 2024 उजाडला. ऐन नवतपा. शहरातल्या दोन स्वयंचलित हवामान केंद्रांनी 54 आणि 56 अंशांचे आकडे दाखवले आणि तासाभरात ते सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचले. 'हॉटर दॅन एव्हर' म्हणायला याहून चांगला मुहूर्त कुठला? पण त्याच वेळी बाकीच्या केंद्रांवर पारा 44 अंशांच्या आसपास होता. हवामान खात्यानं लगेच खुलासा केला की त्या केंद्रांतले संवेदक बिघडले होते, आकडे चुकीचे आहेत. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रानं 52.9 दाखवले होते. तपासणीत ते उपकरण सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. भारतात खात्रीशीरपणे नोंदलेला उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा आहे, 19 मे 2016 चे 51 अंश. म्हणजे नागपूरनं एका दुपारी देशाचा विक्रम पाच अंशांनी मोडला असं लोक काही तास मानत होते.

'हॉटर दॅन एव्हर' या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. चूक होती ती तुलनेच्या दोन बाजूंत: एका बाजूला वर्षानुवर्षं तपासलेल्या तापमापकाचे आकडे, दुसऱ्या बाजूला बिघडलेला संवेदक. काळाची तुलना करताना माप दोन्हीकडे एकच असावं लागतं. हे भौतिकशास्त्राच्या तासाला शिकवतात, इंग्रजीच्या तासाला नाही. पण इंग्रजी वाक्याची बांधणीच तसा आग्रह धरते. 'द पॉप्युलेशन ऑफ नागपूर इज लार्जर दॅन भोपाळ' या वाक्यावर कडक शिक्षक हरकत घेतात, कारण त्यात लोकसंख्या आणि शहर यांची तुलना झाली. 'दॅन दॅट ऑफ भोपाळ' असं लिहायला लावतात. मराठीत 'नागपूरची लोकसंख्या भोपाळपेक्षा जास्त' म्हटलं तर कुणाची झोप उडत नाही. काळाच्या बाबतीतही तसंच: 'टुडेज समर्स आर हॉटर दॅन दोज ऑफ माय चाइल्डहूड'. उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशी, बालपणाशी नाही.

पटींच्या भाषेत तर आपण सगळेच घसरतो. 1901 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 28 हजार होती. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत 24 लाख 5 हजारांवर माणसं होती. भागाकार केला तर उत्तर एकोणीसच्या जरासं खाली येतं. मराठीत आपण 'एकोणीस पट झाली' आणि 'एकोणीस पटींनी वाढली' ही दोन्ही वाक्यं बिनदिक्कत वापरतो. दुसरं अक्षरशः घेतलं तर उत्तर वीस पट होईल. इंग्रजीत 'नाइनटीन टाइम्स मोर' यावर असाच वाद होतो. त्यातून सुटायचा सोपा रस्ता 'ॲज... ॲज'चा: 'इन 2011 द सिटी हॅड निअरली नाइनटीन टाइम्स ॲज मेनी पीपल ॲज इट हॅड इन 1901.' हे वाक्य ऐकायला बोजड आहे, मान्य. पण त्यात दोन सालं आहेत, दोन 'हॅड' आहेत आणि पट किती त्याबद्दल शंका नाही. एक गोष्ट मात्र याही वाक्यात लपून राहते: 1901 चं शहर आणि 2011 ची महापालिका हद्द या एक नव्हेत. मधल्या काळात किती गावं शहराच्या पोटात गेली! 'द सिटी' हा शब्द दोन्हीकडे तोच असला तरी जमीन तीच नाही.

कमी होणाऱ्या गोष्टींना पटींत सांगायची खोड तर सोडूनच द्यावी. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, आणि इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला. एकूण लांबी 701 किलोमीटर. सरकारचं सांगणं असं की नागपूर-मुंबई प्रवासाचे सोळा तास आठावर आले. याचं 'टू टाइम्स लेस' असं इंग्रजी ऐकू येतं. त्याला काही अर्थ नाही. 'द जर्नी टेक्स हाफ ॲज लाँग ॲज इट यूज्ड टू' असं म्हणावं. तरी मोजताना लक्षात ठेवा, महामार्ग ठाणे जिल्ह्यात आमणे इथं संपतो. तिथून दादरला पोहोचायला लागणारा वेळ 'यूज्ड टू'च्या बाजूला धरलेला असेल तर 'टेक्स'च्या बाजूलाही धरायला हवा.

कालची आणि आजची तुलना कोण करतो यालाही महत्त्व असतं, आणि नागपूरकरांना ते फार आधीपासून ठाऊक असायला हवं. इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातली सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर 1817 मधली. पुढच्याच वर्षी अप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून दूर केलं गेलं. अल्पवयीन तिसऱ्या रघुजीच्या नावानं राज्याचा कारभार इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स पाहू लागला, आणि 1827 मध्ये त्याचा नागपूरच्या मुलखावरचा मोठा अहवाल छापला गेला. जमीन, शेती, जाती, महसूल, न्याय असं सगळं त्यात आहे, आणि अभ्यासकांना तो आजही लागतो. पण 'पूर्वी असं, आता तसं' लिहिणारा माणूस 'आता'चा स्वतःच कारभारी असेल, तर त्याचे 'बेटर' आणि 'मोर' जरा खिशात हात ठेवूनच वाचावेत. पुढच्या सरकारांनीही ही रीत सोडली नाही, रंग कुठलाही असो.

विदर्भाच्या अनुशेषाचा वाद यातूनच समजतो. 1983 मध्ये राज्य सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोल तपासायला समिती नेमली, 1984 मध्ये तिचा अहवाल आला. समितीनं जिल्ह्याची तुलना त्याच जिल्ह्याच्या भूतकाळाशी केली नाही. राज्याची सरासरी घेतली, आणि त्या सरासरीच्या खाली जे राहिलं तो अनुशेष. त्यामुळे 'विदर्भात 1960 पेक्षा जास्त रस्ते आहेत' आणि 'विदर्भात राज्याच्या सरासरीपेक्षा कमी रस्ते आहेत' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. मंत्री पहिलं म्हणतात, आंदोलक दुसरं, आणि दोघंही दुसऱ्याला खोटारडा ठरवतात. एकाच्या 'दॅन'पुढे साल आहे, दुसऱ्याच्या 'दॅन'पुढे प्रदेश, एवढाच फरक. 'मोर रोड्स दॅन इट हॅड इन 1960' आणि 'फ्यूअर रोड्स दॅन द स्टेट ॲव्हरेज' असं पूर्ण लिहिलं की भांडण निदान कशाबद्दल आहे ते तरी कळतं.

शेवटी दोन लहान सोयी. जे संपलं त्याला 'नो लाँगर'. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली: 'द एम्प्रेस मिल्स नो लाँगर रन.' जे कमी झालं पण संपलं नाही, त्याला 'नॉट ॲज... ॲज': 'द ऑरेंजेस आर नॉट ॲज चीप ॲज दे वेअर.' इथं 'लेस चीप' व्याकरणात बसेल, पण बोलताना कोणी म्हणत नाही. आणि जे तसंच राहिलं त्याला 'ॲज... ॲज एव्हर'. संत्र्याच्या गोडीबद्दल हे वाक्य वापरायचं की नाही, ते काटोलच्या बागायतदाराला विचारून ठरवा.

महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं. त्याआधीच्या पिढीनं पाचवीत एबीसीडी गिरवली, तर्खडकरांच्या पाठमालेवर भाषांतरं केली आणि नोकरीत टिकण्यापुरतं इंग्रजी मिळवलं. घरात त्या पिढीचं कोणी असेल तर हा धडा त्यांच्यासोबत बसून करा. पूर्वी काय असायचं ते त्यांनी त्यांच्या बोलीत सांगावं, तुम्ही ते इंग्रजीत लिहावं. पाच वाक्यं पुरेत. प्रत्येक 'दॅन'च्या पुढे बोट ठेवून बघा: तिथं क्रियापद आहे का, साल आहे का, मोजलेली गोष्ट दोन्हीकडे तीच आहे का. नुसतं 'बिफोर' दिसलं तर खोडा, 'म्हणजे केव्हा?' असं त्यांनाच विचारा आणि वाक्य पुन्हा लिहा.